राखणदारच दलाल झाला तर? अवकाशातल्या धंद्याचा सरकारी इतिहास

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, त्या संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या विहारात पडदा लावला होता. टाळ्या झाल्या, पेढे वाटले. गर्दी पांगल्यावर डिप्लोमाला असलेला एक मुलगा जवळ येऊन विचारू लागला, "सर, इस्रोची भरती निघते का? आपल्या जागा असतात का तिथं?" असतात, असे आम्ही सांगितले. दोन वर्षांनी तो पुन्हा भेटला. म्हणाला, "आता रॉकेटचं काम खाजगी कंपन्यांकडं चाललंय सर. तिथं आपल्या जागा नाहीत, जाहिरातही दिसत नाही. ओळखीवर घेतात म्हणतात. याची विचारणा करायची तर कोणाकडं करायची?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हालाही ठाऊक नव्हते. शोधत गेलो तेव्हा कळले की भारतात खाजगी कंपनीला रॉकेट उडवायचे असेल, उपग्रह सोडायचा असेल, तर परवानगी देणारे एकच कार्यालय आहे. त्याचे नाव इन-स्पेस. या नावाचा विस्तार मराठीत केला तर होतो, भारतीय राष्ट्रीय अवकाश प्रोत्साहन व अधिकृतता केंद्र. प्रोत्साहन आधी, अधिकृतता नंतर. म्हणजे धंदा वाढवणे हेही त्याचेच काम आणि धंद्यावर नजर ठेवणे हेही त्याचेच.

बाजार समितीत माल घेऊन गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. अडत्या वेगळा असतो आणि तोलारी वेगळा असतो. अडत्याच्याच हातात काटा दिला तर मापात काय होईल, हे शेतकऱ्याच्या शेंबड्या पोरालाही कळते. दलाल हा शब्द आम्ही इथे शिवी म्हणून वापरत नाही. सौदा जुळवून देणारा तो दलाल, आणि त्याचीही बाजारात गरज असते. प्रश्न एवढाच आहे की त्यालाच राखणदार नेमता येते का. अवकाशाच्या बाबतीत भारतात हा प्रयोग एकदा झालेला आहे, त्याची किंमतही मोजून झालेली आहे, आणि तरी तो पुन्हा सुरू झाला आहे. हा इतिहास आपल्या लोकांनी वाचायला हवा, कारण अवकाश म्हटले की "ते शास्त्रज्ञांचं काम, आपल्याला काय कळतंय" म्हणून आपण बाजूला होतो.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. खाजगी उद्योग अवकाशात २०२० नंतर आला, असे वर्तमानपत्रे लिहितात. ते खरे नाही. वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटची मोटर-कवचे पूर्वीपासून बनतात. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये विकास इंजिने बनली. पण हे सगळे कंत्राटदार होते. रॉकेट कुठे जाणार, त्यात काय जाणार, कोणासाठी जाणार, हे सरकार ठरवत होते. कंत्राटदार सुटा भाग देत होता आणि बिल घेत होता. आता बदल झाला तो मालकीत आणि निर्णयात.

आणि सरकारचा तो जुना काळ सोन्याचा होता, असेही आम्ही म्हणणार नाही. २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळातल्या थुंब्याहून पहिले रॉकेट उडाले. सायकलच्या कॅरियरवर रॉकेटचा भाग घेऊन चाललेल्या माणसाचा फोटो आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्या किनाऱ्यावरून मच्छीमारांची कोणती घरे उठली, हे पाठ्यपुस्तकात नाही. आंध्र प्रदेशातले श्रीहरिकोटा हे पुलिकत सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामधले बेट. सुमारे ४३ हजार एकर जमीन. तिथे यानादी आदिवासी राहत होते, रानातल्या वस्तूंवर आणि मासेमारीवर जगत होते. १९६९ मध्ये ती जागा निवडली गेली, त्यांना हलवण्यात आले आणि १९७१ मध्ये तिथून पहिले रॉकेट उडाले. देशाच्या नावाने घेतलेली ती जमीन. आज त्याच बेटावर एका खाजगी कंपनीचा स्वतःचा उड्डाणतळ उभा आहे. जमीन सोडताना यानादींना कोणी सांगितले होते का, की उद्या यावरून कंपनीही रॉकेट उडवणार आहे?

तरीही त्या काळात एक गोष्ट झाली ती विसरता येत नाही. विक्रम साराभाई सांगत होते की गरीब देशाने अवकाशात जायचे ते गरिबाच्या प्रश्नासाठी. बोलायला सगळेच बोलतात, पण इथे काही प्रत्यक्षात उतरले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत दूरदर्शन पोचवले गेले. संच गावाचा होता, एखाद्या पाटलाच्या ओसरीवरचा नव्हता. कार्यक्रम शेतीचे, आरोग्याचे, शाळेचे. त्याच काळात गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पीज गावी एक छोटे प्रक्षेपण केंद्र सुरू झाले आणि अहमदाबादच्या इस्रो केंद्रातल्या लोकांनी गावकऱ्यांना घेऊन मालिका बनवल्या. त्यांचे विषय होते जातीवरून होणारा छळ, शेतमजुराचे किमान वेतन, सावकारी. अवकाश खात्याच्या पैशातून अस्पृश्यतेवर कार्यक्रम झाले, हे आज कोणाला सांगितले तर खरे वाटणार नाही. त्या प्रकल्पाला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. १९८५ च्या सुमारास ते केंद्र बंद झाले. गावांची गरज संपली म्हणून ते बंद पडले नाही. सरकारचे लक्ष तोवर शहरांकडे वळले होते.

जगातही वारे तेव्हाच फिरले होते. अमेरिकेत रेगन यांच्या काळात, १९८४ साली, व्यावसायिक अवकाश उड्डाणांचा कायदा झाला आणि वाहतूक खात्यात त्यासाठी एक कार्यालय उघडले गेले. त्या कार्यालयाला दोन कामे दिली. लोकांचा जीव आणि मालमत्ता सुरक्षित राहील हे पाहणे, आणि या धंद्याला उत्तेजन देणे. दोन बैल एकाच जुवाला जोडले, पण तोंडे दोन दिशांना. १९९५ मध्ये हे कार्यालय तिथल्या नागरी विमान प्रशासनाखाली गेले. पुढच्याच वर्षी, ११ मे १९९६ ला, व्हॅल्यूजेट कंपनीचे विमान फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळले आणि ११० माणसे मेली. तेव्हा ओरड झाली की विमान प्रशासन सुरक्षाही पाहते आणि विमान कंपन्यांची भरभराटही पाहते, हे कसे? अमेरिकी संसदेने त्याच वर्षी कायदा बदलला आणि विमान कंपन्यांना उत्तेजन देण्याचे काम प्रशासनाकडून काढून घेतले. पण अवकाश कार्यालयाचे दुहेरी काम तसेच ठेवले. एकाच छताखाली, एका मजल्याला जो नियम लावला तो दुसऱ्या मजल्याला लावला नाही. विमानात ११० माणसे मेली होती. व्यावसायिक रॉकेटमध्ये अजून कोणी मेले नव्हते, एवढाच फरक.

२००४ साली तर पुढची पायरी गाठली. पैसे भरून अवकाशात जाणाऱ्या प्रवाशांच्या सुरक्षेबाबत या कार्यालयाने आठ वर्षे नियम करायचे नाहीत, गंभीर अपघात झाल्याशिवाय तर नाहीच, असा कायदा झाला. धंदा अजून बाल्यावस्थेत आहे, त्याला शिकू द्या, हे त्याचे कारण. ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली आणि आता ती २०२८ पर्यंत आहे. वीस वर्षे उलटूनही बाळ मोठे झाले नाही! मधल्या काळात, ३१ ऑक्टोबर २०१४ ला, व्हर्जिन गॅलॅक्टिकचे यान चाचणीत मोडून एक वैमानिक मेला. चौकशी मंडळाने यान बनवणाऱ्या कंपनीबरोबरच परवाना देणाऱ्या या कार्यालयाच्या तपासणीवरही बोट ठेवले.

अमेरिकेचे एवढे सांगायचे कारण असे की आपले धोरणकर्ते उठता बसता तिकडचे दाखले देतात. दाखला द्यायचा तर पूर्ण द्यावा.

आता आपल्याकडचा पहिला प्रयोग. १९९२ मध्ये, म्हणजे खाजगीकरणाच्या पहिल्या लाटेत, अवकाश खात्याने अँट्रिक्स कॉर्पोरेशन नावाची कंपनी काढली. मालकी शंभर टक्के सरकारची. काम, इस्रोचा माल आणि सेवा विकणे. उपग्रहांनी काढलेली छायाचित्रे, ट्रान्सपाँडरचे भाडे, परदेशी उपग्रहांचे उड्डाण. पण तिची रचना पाहा. इस्रोचा अध्यक्ष हाच अवकाश खात्याचा सचिव, तोच अवकाश आयोगाचा अध्यक्ष, आणि त्या काळात अँट्रिक्सच्या मंडळाचाही अध्यक्ष तोच. बनवणारा, विकणारा, मंजुरी देणारा आणि तपासणारा, चार टोप्या एका डोक्यावर. त्या डोक्यात कितीही विद्वत्ता असो, चौघांनी एकमेकांना विचारायचे प्रश्न एकटा माणूस स्वतःला विचारत नाही.

इथे एका मराठी न्यायमूर्तींची आठवण द्यायला हवी. मंडल खटल्याच्या घटनापीठावर असलेले न्या. पी. बी. सावंत यांनी ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून उभ्या राहिलेल्या खटल्यात निकाल दिला की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकांच्या हितासाठी, सार्वजनिक यंत्रणेच्या नियंत्रणाखाली झाला पाहिजे. जमीन, पाणी, जंगल यांच्या रांगेत त्यांनी न दिसणारी लहर आणून बसवली. गावाच्या पाणवठ्यासाठी महाडला लढलेल्या माणसांच्या वारसांना या निकालाचा अर्थ वेगळा समजावण्याची गरज नाही.

हा निकाल येऊन दहा वर्षे झाली होती. १७ डिसेंबर २००४ ला देवास मल्टिमीडिया नावाची कंपनी बंगळुरूत नोंदवली गेली. तिच्या प्रमुखपदी इस्रोतून निवृत्त झालेला ज्येष्ठ अधिकारी होता. २८ जानेवारी २००५ ला, म्हणजे अवघ्या सहा आठवड्यांत, अँट्रिक्सने या कंपनीशी करार केला. इस्रो दोन उपग्रह बांधणार, त्यांची जवळजवळ सगळी क्षमता बारा वर्षांसाठी देवासला भाड्याने मिळणार, आणि त्यासोबत एस-बँडमधल्या ७० मेगाहर्ट्झ लहरी. उपग्रह सरकारच्या पैशातून बांधायचे, गिऱ्हाईक आधीच ठरलेले. निविदा नाही, जाहिरात नाही. आणि सगळ्यात गंभीर भाग पुढे आहे. उपग्रहासाठी मंत्रिमंडळाची मंजुरी मागितली तेव्हा त्याची बहुतेक क्षमता एका कंपनीला आधीच देऊन झाली आहे, हे सांगितले गेले नाही. महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले.

२०११ च्या फेब्रुवारीत हे प्रकरण वर्तमानपत्रांत आले. दोन लाख कोटींचा तोटा, असा आकडा गाजला. तो आकडा आम्ही वापरत नाही. थ्री-जीच्या लिलावात २०१० मध्ये सरकारला ६७ हजार कोटींहून जास्त मिळाले होते आणि त्या भावाने गुणाकार करून कोणीतरी तो काढला होता. उपग्रहाच्या लहरी आणि मोबाइलच्या लहरी यांची किंमत तशी एकास एक लावता येत नाही. खऱ्या तोट्याचा आकडा पुढे आला आणि तो लवादाने काढला.

त्याच महिन्यात सरकारने करार रद्द केला. कारण दिले, लष्कराला आणि इतर सामरिक गरजांना या लहरी लागणार आहेत. फसवणूक झाली, असे तेव्हा म्हटले नाही. देवास आंतरराष्ट्रीय लवादात गेली. सप्टेंबर २०१५ मध्ये लवादाने अँट्रिक्सला ५६ कोटी २५ लाख डॉलर आणि वर व्याज द्यायला सांगितले. मॉरिशसमधले गुंतवणूकदार आणि जर्मनीची डॉइश टेलिकॉम यांनी थेट भारत सरकारविरुद्ध वेगळे दावे लावले आणि तेही जिंकले. वसुलीसाठी कॅनडात भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या पैशावर टाच आणण्यापर्यंत मजल गेली. कंपनीने भारतात आणलेले भांडवल होते ५७९ कोटी रुपये, आणि त्यातलाही मोठा भाग निरनिराळ्या वाटांनी परदेशात परत गेल्याचे न्यायालयात पुढे आले.

अँट्रिक्सने देवास गुंडाळण्याचा अर्ज केला तो २०२१ मध्ये. १७ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ही कंपनी फसवणुकीच्या हेतूनेच काढली गेली होती आणि ती गुंडाळणे योग्य आहे. म्हणजे करारानंतर १७ वर्षांनी. तोवर परदेशातले निवाडे लागून चुकले होते. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वसुलीचा खटला तिकडच्या न्यायालयात पुढे चालू शकतो असे सांगितले. ज्या सेवेसाठी हे सगळे झाले, ती सेवा एका दिवसासाठीही सुरू झाली नाही.

यात वाईट माणसे होती का, याचा निवाडा न्यायालये करतील. २०१२ मध्ये चार ज्येष्ठ शास्त्रज्ञांना सरकारी पदांवर बंदी घातली गेली, तेव्हा काहींनी त्यांना खलनायक ठरवले, काहींनी हुतात्मा. आमच्या मते दोन्ही बाजू मुद्दा चुकल्या. चार माणसे बदलून काटा अडत्याच्या हातातून सुटत नाही. त्या जागी नियमाने चालणारा, संसदेला उत्तर देणारा, धंद्याशी देणेघेणे नसलेला दुसरा कोणी बसलेला असता तर सहा आठवड्यांच्या कंपनीला पहिलाच प्रश्न विचारला गेला असता, की तुम्ही कोण?

यावरून शिकायचे काय होते, ते स्पष्ट होते. झाले काय? १६ मे २०२० रोजी अर्थमंत्र्यांनी आत्मनिर्भर पॅकेजच्या एका हप्त्यात अवकाश क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले करण्याची घोषणा केली. तो टाळेबंदीचा काळ. आठच दिवस आधी, ८ मे रोजी, औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले होते. संसद बसत नव्हती, रस्त्यावर उतरायला बंदी होती, आणि देशाची सार्वजनिक मालमत्ता कोणाला वापरू द्यायची याचे निर्णय पत्रकार परिषदेत होत होते. २४ जूनला मंत्रिमंडळाने इन-स्पेसला मंजुरी दिली. त्याआधी मार्च २०१९ मध्येच न्यूस्पेस इंडिया नावाची दुसरी सरकारी कंपनी निघाली होती. एप्रिल २०२३ मध्ये अवकाश धोरण आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये परकीय गुंतवणुकीचे दरवाजे उघडले, उपग्रहांत ७४ टक्के, रॉकेटमध्ये ४९ टक्के आणि सुट्या भागांत १०० टक्के, तेही सरकारची आधी परवानगी न घेता. ऑक्टोबर २०२४ मध्ये अवकाश स्टार्टअपसाठी १,००० कोटींचा भांडवल निधी मंजूर झाला, आणि तो इन-स्पेसच्या छत्राखाली.

आता बेरीज करा. कंपनीला पैसा मिळवून देणार इन-स्पेस. इस्रोच्या प्रयोगशाळा वापरू देणार इन-स्पेस. उड्डाणाची परवानगी देणार इन-स्पेस. नियम पाळले की नाही तेही पाहणार इन-स्पेस. आणि इन-स्पेस आहे अवकाश खात्याखाली, ज्याचा सचिव अजूनही इस्रोचा अध्यक्षच असतो. पहिले अध्यक्ष म्हणून २०२१ मध्ये नेमले गेले ते महिंद्र अँड महिंद्रचे माजी व्यवस्थापकीय संचालक पवन गोयंका. त्यांच्या सचोटीबद्दल आमची काही तक्रार नाही. पण उद्योगातून आलेला माणूस उद्योगाचा राखणदार, ही निवडच सांगते की दोन कामांपैकी कोणते काम सरकारला मोठे वाटते.

आणि या सगळ्याच्या खाली कायदा नाही. अवकाश व्यवहार विधेयकाचा मसुदा नोव्हेंबर २०१७ मध्ये लोकांच्या सूचनांसाठी ठेवला होता. तो कायदा काही झाला नाही. अमेरिकेतले दुहेरी काम निदान संसदेच्या कायद्यात लिहिलेले आहे, त्यावर तिथे भांडता येते. आपल्याकडे धोरण आहे, मार्गदर्शक सूचना आहेत. धोरण मंत्रिमंडळ बदलते. सूचना कार्यालय बदलते. लोकसभेत हात वर करून कोणी त्याला विरोध केला किंवा पाठिंबा दिला, असा प्रसंगच आलेला नाही.

कायदा नसल्याने काय बिघडते, असे विचारणारे भेटतात. १९६७ च्या अवकाश करारात भारत सामील आहे. त्याप्रमाणे देशातल्या खाजगी कंपनीने अवकाशात काही केले तरी जगासमोर जबाबदार देशच. १९७२ च्या दायित्व करारानुसार रॉकेटचा तुकडा दुसऱ्या देशात पडून नुकसान झाले तर भरपाई देशाने द्यायची. १९७८ मध्ये सोव्हिएत रशियाचा अणुइंधन असलेला कॉसमॉस-९५४ उपग्रह कॅनडाच्या उत्तरेला, डेने आदिवासींच्या शिकारीच्या मुलखात विखरून पडला. कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले, रशियाने तीस लाख दिले. उपग्रह कुठे पडावा हे कोणी ठरवत नाही, पण श्रीहरिकोटा असो की कॅनडाचा उत्तर भाग, "रिकामी जागा" म्हणून नकाशावर जी दाखवतात तिथे कोणीतरी राहतच असते. उद्या आपल्याकडच्या कंपनीच्या रॉकेटने असे झाले तर पैसे जातील आपल्या तिजोरीतून. ते कंपनीकडून किती वसूल करायचे, कसे करायचे, हे सांगणारा संसदेचा कायदा नाही. नफा कंपनीचा, नुकसानीचा हमीदार देश.

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी 'राज्ये आणि अल्पसंख्याक' हे निवेदन तयार केले, तेव्हा त्यात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि राज्यानेच चालवावेत, अशी मागणी होती. तीही साध्या कायद्याने नव्हे, संविधानातच लिहून, म्हणजे येणाऱ्या जाणाऱ्या बहुमताला ती फिरवता येऊ नये. राज्य बाजूला झाले की स्वातंत्र्य वाढते, या म्हणण्याला त्यांचा प्रश्न होता की कोणाचे? मालकाचे की मजुराचे? ती मागणी मान्य झाली नाही. पण सार्वजनिक क्षेत्र उभे राहिले आणि कलम १६(४) मुळे त्यात आपली माणसे शिरली. अवकाश खात्यातही शिरली, जास्त करून तंत्रज्ञ, सहायक, कारकून म्हणून. संशोधन करणाऱ्या आणि संशोधनाला दिशा देणाऱ्या वरच्या वैज्ञानिक पदांना आरक्षणातून वगळण्याची सोय केंद्र सरकारने फार आधीच करून ठेवली होती. म्हणजे दार अर्धेच उघडे होते. आता काम त्या दाराच्या घरातून उचलून शेजारच्या घरात नेले जात आहे, आणि शेजारच्या घराला ते दारच नाही. एसएसएलव्ही हे छोटे रॉकेट बनवण्याचे काम २०२५ मध्ये बोलीतून हॅल या सरकारी कंपनीकडे गेले, तेवढे बरे झाले. पण सरकारी निधी, सरकारी प्रयोगशाळा आणि सरकारी उड्डाणतळ घेणाऱ्या खाजगी कंपनीला सामाजिक प्रतिनिधित्वाची अट का नको, हा प्रश्न धोरणाच्या कागदात कुठेच नाही. प्रोत्साहन देणारा असले अडचणीचे प्रश्न विचारत नसतो. राखणदाराने विचारायचे असतात.

लहरींचा प्रश्नही पुन्हा आला आहे. डिसेंबर २०२३ च्या दूरसंचार कायद्याने उपग्रह सेवेसाठीच्या लहरी लिलावाशिवाय, सरकारी वाटपाने द्यायचे ठरवले. लिलाव नाही म्हणजे भ्रष्टाचारच, असे आम्ही म्हणत नाही. या लहरी अनेक कंपन्या एकत्र वापरू शकतात, त्यामुळे लिलाव अवघड आहे हे तांत्रिक म्हणणे आम्हाला पटते. मे २०२५ मध्ये ट्रायने उत्पन्नाच्या चार टक्के आकारणीची शिफारस केली. ती योग्य की अयोग्य, यावर चर्चा व्हावी. पण लिलाव नसेल तर वाटप करणाऱ्यावरची नजर दुप्पट कडक हवी. देवासलाही लहरी लिलावाशिवायच मिळाल्या होत्या.

जुलै २०२५ मध्ये इन-स्पेसने स्टारलिंकला पाच वर्षांची परवानगी दिली. नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र शासनाने त्या कंपनीशी इरादापत्र केले. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव यांची नावे आहेत. आमच्या एका कार्यकर्त्याने ही बातमी गटावर टाकली तेव्हा खाली लगेच लिहून आले, "चला, भामरागडला रेंज येणार!" येऊ दे, आम्हालाही आनंदच आहे. तिथल्या आश्रमशाळेत नेट पोचले तर कोणाला नको आहे? पण १९७५ मध्ये गावात संच आला तेव्हा त्याचे बिल गावाच्या नावाने फाटत नव्हते.

त्या डिप्लोमाच्या मुलाबरोबर बसून आम्ही अवकाश खात्याच्या जनमाहिती अधिकाऱ्यांना अर्ज लिहिला आहे. इन-स्पेसने आजवर परवानगी दिलेल्या कंपन्यांची प्रत्यक्ष तपासणी किती वेळा केली, आणि किती वेळा परवानगी नाकारली किंवा थांबवली? अपघात झाल्यास तिसऱ्या पक्षाच्या भरपाईसाठी कंपन्यांकडून विमा घेतला जातो का, किती रकमेचा? १,००० कोटींच्या निधीतून पैसा घेणाऱ्या कंपनीला नोकरभरतीची कोणती अट घातली आहे? चौथा प्रश्न मुलाने स्वतः घातला. श्रीहरिकोट्यातून हलवलेल्या यानादी कुटुंबांतले किती जण आज तिथे नोकरीला आहेत, आणि कोणत्या पदावर? दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून पाकीट सोमवारी टाकले. उत्तर आले की इथेच छापू.